पाठीवरचं दार

फाटकावर दोन पाट्या होत्या. एक वनखात्याची, गंजलेली: या भागात वाघाचा वावर आहे, एकट्याने फिरू नये. दुसरी कोरी करकरीत, फ्लेक्सची: शांतता राखा, इथे ऊर्जा जागी आहे. ब्रह्मपुरीच्या स्टँडवरून आम्हाला जीपमध्ये घालून आणणारे रहीमभाऊ फाटक उघडायला उतरले, तेव्हा मी विचारलं, यातली कुठली पाटी पाळायची?

"दोन्ही पाळा जी," ते म्हणाले. "पन पहिली आधी."

आम्ही म्हणजे मी आणि माझी मोठी बहीण, नलूताई. भाऊजी गेल्यापासून ताईची झोप गेली होती. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती घरात राहूनही घरात नसायची, आणि नाही घेतली तर रात्रभर खोल्यांतून फिरायची. कुणीतरी तिला चीनमधल्या चीगोंग नावाच्या प्राणसाधनेबद्दल सांगितलं. सिंदेवाहीच्या बाजूला जंगलात शिबिर आहे, तिथे शरीरातली ऊर्जाकेंद्रं उघडतात आणि झोप आपोआप येते, असं कळलं. माझा केंद्रांवर विश्वास नाही, पण ताईच्या डोळ्यांखालच्या काळ्या अर्धगोलांवर होता. म्हणून नाशिकहून रात्रीच्या गाडीने नागपूर आणि तिथून एसटीने उमरेड, भिवापूर, नागभीड करत आम्ही इथवर आलो होतो.

वाटेत, जंगलाच्या ऐन मध्यात, जीपचं चाक बसलं होतं. उन्हाळ्याची सुरुवात, धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) मागे पडल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना पानगळीतलं, आरपार दिसतंय असं वाटायला लावणारं रान होतं. रहीमभाऊंनी जॅक काढला आणि मला म्हणाले, "साहेब, म्या खाली बसून राह्यलो तवा तुमी माह्या मागं पाहत राहा. गाडीकडे नोका पाहू. मागं."

मी पाहत राहिलो. काही दिसलं नाही. पण काही दिसत नसताना इतक्या काळजीने मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

शिबिराचे गुरू पुण्याचे. सगळ्यांनी त्यांना 'सिफू' (चिनी परंपरेतला गुरू) म्हणायचं होतं. पांढऱ्या रेशमी अंगरख्यात ते फार हळू चालत आणि त्याहून हळू बोलत. प्रत्येक वाक्य चौघांनी खांद्यावरून वाहून आणल्यासारखं यायचं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी माणसाच्या आकृतीचा मोठा तक्ता टांगला. बेंबीच्या खाली एक केंद्र, छातीच्या मध्यावर एक, भुवयांच्या मधे एक. ही तीन दान्त्यान. शिवाय पाठीवर, बेंबीच्या नेमकं मागे, एक दार: मिंगमेन, म्हणजे जीवनद्वार. तक्त्यावर त्याच जागी आपली चक्रंही पाकळ्यांसकट छापलेली होती.

"म्हणजे चक्र आणि दान्त्यान एकच का?" मी विचारलं.

सिफूंनी डोळे मिटले. "सगळं... एकच... आहे."

तसं ते नाही, एवढं वाचन माझ्याकडे होतं. चक्रं कण्यावर एकावर एक रचलेली असतात. खालून निघायचं आणि डोक्याबाहेर पडायचं, असा तो एकूण बेत. दान्त्यानचा अर्थ हिंगुळाचं शेत. चिनी साधकाला कुठे चढून जायचं नसतं. श्वास आणि लक्ष पोटाखाली नेऊन तिथे ऊर्जा साठवायची, बांधीत पाणी अडवावं तशी, आणि मग ती अंगभर फिरवायची. एकीकडे चाक, दुसरीकडे शेत. पण जेवणाची घंटा झाली आणि मी गप्प बसलो. जेवण सात्त्विक होतं, म्हणजे दुधी भोपळ्याने मीठ सोडून दिलं होतं. नंतर रहीमभाऊंनी स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून मला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि झिंग्यांची (सुकवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी दिली. तिन्ही केंद्रं एकदम उघडली.

साधना पहाटे, मागच्या बाजूच्या मोहाच्या झाडांमध्ये. तिकडे कुंपण नव्हतं. झाडं संपली की बांबूची बेटं आणि जंगल. मोह गळायचे दिवस होते. फुलं नीट दिसावीत म्हणून गावच्या बायकांनी झाडांखालचा पाचोळा जाळला होता, त्यामुळे प्रत्येक झाडाखाली काळ्या राखेचं गोल अंगण झालं होतं. आम्हाला एकेक झाड नेमून दिलं गेलं. ताईचं अगदी कडेचं. पाय थोडे फाकवायचे, गुडघे सैल, हात असे पुढे की अदृश्य झाडाला मिठी मारली आहे. भोवती एवढी दृश्य झाडं असताना. पापण्या मिटून लक्ष बेंबीखाली ठेवायचं आणि मागे काहीही वाटलं तरी वळायचं नाही, कारण वळलं की जीवनद्वारातली ऊर्जा सांडते.

पहिल्या दिवशी उभं राहून श्वास स्थिरावतो न स्थिरावतो तोच अंधारातून आवाज आला, "होऽऽ." दुसरीकडून उत्तर, "होऽऽ." मग लांबून तिसरा. मोह वेचणाऱ्या बायका टोपल्या घेऊन झाडाझाडांखाली पांगल्या होत्या आणि थोड्या थोड्या वेळाने एकमेकींना साद घालत होत्या. मला ते ऐकायला बरं वाटत होतं. सिफूंना नाही. उजाडल्यावर त्यांनी त्यांच्यातल्या वयस्क बाईला, मैनाबाईला, बोलावून घेतलं.

"इथे साधना चालते," ते म्हणाले. "तुम्ही शांतपणे वेचू शकत नाही का?"

मैनाबाईने त्यांच्या अंगरख्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुकाट्यानं कसं वेचू जी? आमी खाली वाकून राहतो. दुसरीनं ओ देल्ली का समजते, हाय अजून. नाई देल्ली का समजते, गेली."

"आपण भीती मनातून काढली, तर जंगल काही करत नाही."

"जंगल नाईच करत. त्याच्यातला करते." बाकीच्या बायका पदरात हसल्या. "तुमाले ओरडनं नाई पायजे, त आमी पल्याडच्या झाडाइकडे जातो. पन इथी फुलं सडतीन."

"सडू द्या," सिफू म्हणाले. बायका टोपल्या उचलून गेल्या.

दुसऱ्या पहाटेपासून शांतता झाली. अशी शांतता मी नाशिकला ऐकलेली नाही. मोहाचं एकेक फूल राखेवर पडायचं तेही कळायचं. मला पोटाखाली ऊब वगैरे काही जाणवली नाही. पोटरीत गोळे आले, एवढंच. पण त्या दिवशी परत येताना ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. दुपारी ती जेवली आणि झोपली. रात्रीही झोपली. मी मध्येच उठून तिचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं, इतकी मला त्या झोपेची सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशीही तसंच. संध्याकाळी ओसरीवर तिने मला जवळ बसवलं.

"हसणार नसशील तर सांगते. मी उभी राहिले की थोड्या वेळाने पाठीमागे कुणीतरी येतं. आवाज नाही, काही नाही. पण येतं आणि थांबतं. पाठीत इथे," तिने हात मागे नेऊन कमरेच्या वर ठेवला, "ऊब लागते. मी शाळेच्या वह्यांचा गठ्ठा तपासत बसायचे तेव्हा हे असेच मागे येऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत. आठवतं तुला?"

मला आठवत होतं. मी हसलो नाही. जीवनद्वार उघडलं, असं सिफूंनी तिला सांगितलं होतं. झोप येते आहे ना, मग उघडू दे, असं मी ठरवलं. नास्तिकाला एवढी उदारता परवडते.

पुढची दुपार मोकळी होती. रहीमभाऊ सामान आणायला आरमोरीला निघाले होते. मी त्यांच्याबरोबर गेलो. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. नदीत पाणी कमी आणि वाळू जास्त. एक माणूस त्या पांढऱ्या पसाऱ्यातून चालला होता, आणि पूल संपेपर्यंत तो तिथेच असल्यासारखा दिसला. आरमोरीच्या बाजारात मी ताईसाठी कोसा रेशमाचा लहानसा रुमाल घेतला. परतताना, तिला बरं वाटतंय हे कुणालातरी सांगावं म्हणून, मी रहीमभाऊंना ती पाठीमागची गोष्ट सांगितली.

त्यांनी गाडी हळू केली.

"बाईंनं मागं वळून नाई पाह्यलं?"

"नाही. वळायचं नसतं."

"पाहाले पायजे होतं." मग थोड्या वेळाने, "मोहवाल्या बाया तिथून गेल्या ना साहेब, आता तो भाग खाली हाय."

"खाली म्हणजे?"

"म्हंजे मानसाइनं खाली."

फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "उद्या बाईले जाऊ नोका देऊ."

मी ताईला सांगितलं, उद्या राहू दे. कारण विचारल्यावर म्हणालो, जनावराची भीती आहे. ती म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस आहे. तेवढा तरी मला निरोप घेऊ दे." मी तिच्या शेजारच्या झाडाखाली उभा राहीन, एवढं कबूल करून घेतलं.

त्या पहाटे मी पापण्या मिटल्या नाहीत. अंधार राखेच्याच रंगाचा होता. ताई पाच-सहा हातांवर, हात पुढे करून उभी. तिच्या पलीकडे बांबू. काही हललं नाही. फुलं पडत होती. आणि मग मला जाणवलं की ताईच्या बाजूची फुलं पडल्याचा आवाज येत नाहीये. म्हणजे ती पडत होती, पण राखेवर नाही. कशावर तरी मऊ, उंच अशा जागेवर. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. तक्त्यावर त्या जागेलाही चिनी नाव होतं, पण ते आठवेना. ओरडावं तर आवाज पोटात, त्या बेंबीखालच्या शेतात, कुठेतरी रुतून बसला होता. ताईचे खांदे मात्र झोपलेल्या माणसासारखे सैल होते.

तेवढ्यात लांबून साद आली, "होऽऽ." फुलं सडताना पाहवेना म्हणून मैनाबाई आणि तिच्याबरोबरच्या बायका ती न्यायला परत आल्या होत्या. बांबू एकदाच, हळूच, करकरला.

उजाडताना मैनाबाई ताईच्या झाडापाशी आली आणि टोपली तशीच कमरेवर धरून थांबली.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या मांगं कोन बसून राह्यते?"

राखेवर, ताईच्या पावलांच्या मागे, माझा हात पुरेल इतक्या अंतरावर, एक मोठं जनावर बसल्याची खूण होती. पुढचे दोन पंजे नीट शेजारी शेजारी, मागे शेपटीने राख झाडल्याचा अर्धगोल. त्याखाली आदल्या दिवशीची खूण, कडा ढासळलेली. त्याहीखाली आणखी. बायका एकमेकींना चिकटल्या. मैनाबाईने तोंडावर पदर धरला.

"रोज?" ताईने विचारलं.

"जुने बी हायत, ताजे बी. नुसता बसून राहे वाटते. काऊन, ते त्यालेच मालूम."

ताई त्या खुणेकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि तेच मला पाहवेना. भाऊजी दुसऱ्यांदा गेले होते.

सिफू आले, पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भराभर बोलले. समारोपाची साधना जेवणाच्या खोलीत झाली, दारं-खिडक्या बंद करून. 'वनराजही साधकाच्या ऊर्जेकडे खेचला जातो,' हे वाक्य मात्र त्यांनी पुन्हा सावकाश उच्चारलं. पुढच्या फ्लेक्सवर ते असणार.

परतीच्या गाडीत ताई रात्रभर खिडकीशी जागी होती. नाशिकला आल्यावरही तेच. गोळी, नाही तर येरझारा. सकाळी ती गच्चीवर तशीच हात पुढे करून उभी राहायची आणि लगेच हात खाली सोडायची. "मागे नुसती टाकी आहे," ती म्हणाली.

एका सकाळी तिने मला खुर्ची घेऊन वर बोलावलं.

"ते नव्हते, हे मला कळलंय. पण कुणीतरी होतं, हे तर खरं ना? तू बस मागे. बोलू नकोस. पेपर आणू नकोस, वाजतो."

मी बसलो. ती उभी राहिली. समोर तिची पाठ, सैल अंबाडा, त्याखाली पांढऱ्या बारीक केसांची मान. आपल्या माणसाची मान आपण इतका वेळ कधी पाहत नाही. किती लहान होती ती. किती उघडी. पाहता पाहता माझा श्वास तिच्या श्वासाबरोबर चालू लागला, आणि माझ्या लक्षात आलं की मी बराच वेळ पापणीही लववलेली नाही, दोन्ही हात गुडघ्यांवर नीट शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि मला उठावंसं वाटत नाही. त्या राखेवर जे बसत होतं त्याला काय दिसत होतं, ते मला दिसत होतं. ते भुकेचं होतं की आणखी कशाचं, हे मात्र इतक्या जवळूनही सांगता येईना.

"लागली ऊब," ताई न वळता म्हणाली.

त्या रात्री ती झोपली. आता मी रोज बसतो.