व्याही सायकलवर बसतात

जगात भित्री माणसं पुष्कळ आहेत, पण भीतीचं बारमाही पीक काढणारा माणूस मी एकच पाहिला, आणि नेमकी त्याच्याच घरी मी माझी मुलगी दिली. आमचे व्याही माँट्रियलजवळ ब्रॉसार्डला मुला-सुनेपाशी राहतात, मी इकडे ग्वेल्फला असतो. निवृत्तीपूर्वी ते ठाण्याकडच्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. आपल्या कारकिर्दीत तिथे कोणाच्या नखालाही धक्का लागला नाही असं ते सांगतात, आणि ते खरं असावं, कारण यांच्या देखरेखीखाली कामगारांना हातपाय हलवायला फारसा वावच मिळाला नसेल. पुढे कारखाना मागे राहिला, सेफ्टी ऑफिसर मात्र विमानात बसून कॅनडात आला.

इथले लोक बर्फ पडायच्या सुमाराला गाडीला विंटर टायर घालतात. यांचा मुलगा गणपती उठले की घालतो, आणि आंबे संपेपर्यंत ते उतरवायची परवानगी त्याला मिळत नाही. विषारी वायूची सूचना देणारी ती पांढरी डबडी साधारण घरात एक-दोन पुरतात. यांच्या घरात ती बेसमेंटमध्ये आहेत, जिन्याखाली आहेत आणि देवघरातही आहेत. देवघरात कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "उदबत्ती असते ना तिथे." नदीवरचा मोठा पूल ओलांडताना गाडीच्या चारही काचा खाली हव्यात, कारण गाडी पाण्यात पडली तर काचा उघडत नाहीत. मी त्यांच्या गाडीत पहिल्यांदा बसलो तेव्हा बाहेर उणे वीस होतं, आणि पूल संपेपर्यंत माझ्या मिशा कडक झाल्या होत्या. "अहो, थंडीने माणूस मरत नाही का?" मी कुडकुडत विचारलं. "मरतो ना," ते शांतपणे म्हणाले, "पण त्याला वेळ लागतो, व्याही. पाण्यात तेवढा वेळ मिळत नाही." त्यांच्या भीतीला असा नेहमी विचार असतो, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नाही.

इतक्या वर्षांत तिथल्या फ्रेंच भाषेतला एकच शब्द त्यांनी कमावला, तो म्हणजे 'अतांसियों'. अर्थ, सांभाळा. शेजाऱ्याच्या कुत्र्यापासून टपाल टाकणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांशी त्यांचं संभाषण या एका शब्दावर चालतं, आणि माणसं हसून हातही हलवतात. घरात त्यांचे दोन कायदे आहेत. बाहेर गेलेल्याने पोहोचल्याचा फोन करायचा, हा पहिला. हरवलात तर जागचं हलायचं नाही, शोधणारा येतो, हा दुसरा. आमची नात मनू हे दोन्ही कायदे शुभंकरोतीच्या आधी शिकली.

त्यातून आम्ही पडलो व्याही. मी मुलीचा बाप, तेव्हा मान त्यांचा. पण वयाने मी दोन वर्षांनी मोठा, तेव्हा त्यांच्या मते मान माझा. मुलांचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघे कुठल्याही दारातून सरळ आत गेलेलो नाही. ब्रॉसार्डच्या मॉलमध्ये आपोआप सरकणारं एक दार आहे. "तुम्ही आधी", "छे, तुम्ही", करत आम्ही त्याच्यासमोर उभे राहायचो आणि ते दार बिचारं उघडून मिटून थकून जायचं. आमच्या दोघींनी, म्हणजे विहीणबाई आणि आमच्या हिने, असल्या वेळी आम्हाला सोडून पुढे जायची सवय करून घेतली होती.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर मनू नऊ वर्षांची झाली. पोर हुशार, पण घसरगुंडीवर चढेना, शाळेच्या सहलीला जाईना, वर्गातल्या मैत्रिणीकडे खेळायला जायचं म्हटलं की पोट दुखायला लागे. सायकल चालवायची ती, पण बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या भट्टीभोवती गोल गोल. वर रस्त्यावर ने म्हटलं की हात थंड पडायचे. सतरा सालच्या हिवाळ्यात मी तिकडे गेलो असताना एका सकाळी माझी मुलगी स्वयंपाकघरात पोहे परतता परतता मला हळूच म्हणाली, "बाबा, टीचरने बोलावलं होतं. शी इज अफ्रेड ऑफ एव्हरीथिंग म्हणाली. पप्पांचं सगळं तिच्यात उतरलंय. मी त्यांना काय सांगू? जीव टाकतात ते तिच्यावर." मी मागे पाहिलं तर दारात व्याही रिकामा कप घेऊन उभे होते. त्यांनी कप विसळून पालथा ठेवला आणि वर निघून गेले. त्या दिवशी त्यांनी कोणालाच 'पोहोचल्यावर फोन करा' म्हटलं नाही, आणि खरं सांगतो, त्या गप्प बसण्याने मला पुलावरच्या वाऱ्यापेक्षा जास्त हुडहुडी भरली.

बर्फ वितळल्यावर मुलीचा फोन आला. पप्पांनी सायकल घेतली होती. वयाच्या पासष्टीला, जन्मात कधी सायकलला हात न लावलेला माणूस रोज सकाळी चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन पडत होता. अंगावर शेजाऱ्याच्या मुलाचे हॉकीचे गुडघ्या-कोपरांचे पॅड बांधलेले, डोक्याला हेल्मेट, आणि स्वतःलाच ओरडत, "अतांसियों". चालवायला जमलं, वळायलाही जमलं. थांबायला मात्र नीट जमेना. ब्रेक करकचून दाबला तर माणूस तोंडावर पडतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे ब्रेकला ते हात लावत नसत. पाय घासत, एखादा कठडा नाहीतर झाड गाठून ते थांबत.

त्याच वर्षी जूनमध्ये आम्ही सगळे स्पेनला गेलो, समुद्रकाठच्या व्हॅलेन्सिया गावी. जावयाचं तिथे ऑफिसचं काम होतं, त्याने आम्हा म्हाताऱ्यांनाही बरोबर घेतलं आणि एका सकाळची गाइडसकट सायकलची सफर बुक केली. जुनं गाव पाहायचं आणि शेवटी समुद्रावर जायचं. दोघी विहिणींनी भाजीबाजार गाठला. मला वाटलं, व्याही हॉटेलातच बसतील, विषारी वायूचं डबडं उशाशी ठेवून. ते नाश्त्यालाच हॉकीचे गुडघे बांधून आले. "मी येतोय," ते म्हणाले. "मनूने बघायला पाहिजे."

गाइड एक धिप्पाड, उन्हाने तांबूस झालेली बाई होती. तिच्या सायकलला पुढे लाकडी खोका होता, त्यात पाण्याच्या बाटल्या. मनूसाठी छोटी सायकल आणली होती, पण पोरीने सीटला हातही लावला नाही. बाईने कुरकुर न करता मनूला खोक्यात बसवलं, छोटी सायकल बाजूला बांधली, आणि आमची वरात निघाली. पुढे बाई, मागे जावई आणि लेक, त्यांच्या मागे व्याही, आणि सगळ्यांच्या मागे मी. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या पुढे सायकल काढणं काही बरं दिसलं नसतं.

त्या गावात एक नवल आहे. गावातून पूर्वी नदी वाहायची. एकदा तिने सगळं गाव बुडवलं, तेव्हा लोकांनी नदीच उचलून गावाबाहेरून वळवली आणि तिच्या कोरड्या पात्रात मैलोगणती बाग केली. सायकली त्या पात्रातून जातात, डोक्यावरून जुने दगडी पूल. बाईने हे कौतुकाने सांगितलं आणि व्याह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आपण आत्ता नदीत आहोत?" ते वर पुलांकडे पाहत म्हणाले. "आणि तिला परत यावंसं वाटलं तर?" मी हसलो, पण पुढच्या पुलाखालून जाताना माझीही नजर मागे गेली. त्यांची भीती संसर्गजन्य आहे. खोक्यातून मनू उलटी वळून सारखी त्यांच्याकडे पाहत होती. त्यांचं हँडल थरथरत होतं, ओठ हलत होते, बहुधा रामरक्षा चालली असावी.

"आजोबा, आर यू स्केअर्ड?" तिने ओरडून विचारलं.

"हो गं," व्याही म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "खूप."

"देन स्टॉप ना!"

"मला थांबता येत नाही, बाळा."

मनू खुदकन हसली, आणि व्याह्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच जरा रंग आला.

नदीतून वर चढलो की जुन्या गावात शिरायच्या आधी एक हमरस्ता लागतो. सिग्नल हिरवा होता, बाई गेली, जावई-लेक गेले. व्याही एका खांबाला धरून थांबले होते, मी त्यांच्याजवळ पोहोचलो आणि सवयीने हात पुढे केला, "तुम्ही आधी." ते म्हणाले, "नाही नाही, तुम्ही वडीलधारे." मी म्हटलं, "अहो, असं कसं." तेवढ्यात सिग्नल लाल झाला. पुन्हा हिरवा झाला, पुन्हा आमचे हात पुढे झाले, कारण दोघांनाही आता ती गर्दी ओलांडायची धास्ती वाटत होती आणि मानपानाची सबब बरी होती. शेवटी जेव्हा आम्ही समोर पाहिलं, तेव्हा पलीकडच्या बोळात आमचं कोणीच नव्हतं.

माझा फोन रोमिंगच्या भीतीने बंद, त्यांचा हॉटेलात चार्जिंगला. सायकली घेतल्या त्या दुकानाचं नाव माहीत नाही, भाषा येत नाही. मी म्हणालो, "चला, बोळात शिरून बघू." व्याह्यांनी माझं मनगट धरलं. "जागचं हलायचं नाही." ऊन चढत होतं, गाड्या अंगावरून जात होत्या, आणि मी, जो वर्षानुवर्षं या माणसाची टिंगल करत आलो, तो लहान पोरासारखा घाबरून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. ते मात्र वेगळ्याच गोष्टीला घाबरले होते. "ती मागे वळून बघेल," ते पुटपुटले. "आणि मी दिसणार नाही. व्याही, तिला वाटेल आजोबा पडले. मग ती आयुष्यात सायकलवर बसणार नाही." त्यांचे डोळे भरून आले होते.

मनूने मागे वळून पाहिलंच होतं. पुढचं मला लेकीने नंतर सांगितलं. आजोबा दिसेनात तशी पोर किंचाळली, बाईला थांबवलं, खोक्यातून उतरली. बाई म्हणाली, तू इथे थांब, आम्ही शोधून आणतो. मनू म्हणाली, "ही वोन्ट मूव्ह. आय नो व्हेअर ही इज." आणि छोटी सायकल सोडायला लावून ती तिच्यावर बसली, रडत रडतच, आईला मागे टाकून.

आम्हाला ती दिसली तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडे होती. एक पाय जमिनीवर, लाल सिग्नलकडे बघत. आमच्यामध्ये तो सगळा रस्ता, बस, स्कूटर, टेम्पो. लेक अजून बोळात मागे होती. सिग्नल हिरवा झाला, मनूने पायडल मारलं, आणि त्याच क्षणी एक स्कूटर वळणावरून आत घुसली. व्याह्यांचं तोंड उघडलं. तो एक शब्द त्यांच्या घशात आलेला मला दिसला. तो त्यांनी गिळला. ओरडलं असतं तर ती आमच्याकडे बघायला लागली असती. माझं मनगट त्यांनी इतकं आवळलं की संध्याकाळपर्यंत त्याच्यावर बोटं उमटलेली होती. मनूने आपणहून ब्रेक दाबला, स्कूटर जाऊ दिली, आणि हळूहळू रस्ता ओलांडून आमच्यापुढे येऊन थांबली. तिला थांबता येत होतं.

"यू डिडन्ट मूव्ह," ती नाक पुसत म्हणाली.

"नाही हललो," व्याही म्हणाले. मग माझं मनगट सोडत, "आता तू पुढे हो. आम्ही येतो मागून."

समुद्रापर्यंत ती पुढे होती. तिथे पोहोचल्यावर व्याही एका ताडाच्या झाडाला धडकून थांबले आणि वाळूत बसून राहिले. समुद्राकडे त्यांनी पाहिलंच नाही, तिच्याकडेच पाहत होते.

याला आता दोन वर्षं झाली. व्याह्यांची सायकल गॅरेजमध्ये टांगलेली आहे, ते परत तिच्यावर बसले नाहीत. विंटर टायर अजून गणपती उठले की लागतात. मनू मात्र संध्याकाळी एकटी सायकल काढते, नदीकाठच्या रस्त्याने लायब्ररीला जाते. तिला ते काही बोलत नाहीत. सांभाळून जा नाही, पोहोचल्यावर फोन कर नाही. दार लागलं की इकडे ग्वेल्फला माझा फोन वाजतो. "काय चाललंय, व्याही?" असं म्हणून ते सुरू करतात, आणि मग आम्ही बोलत राहतो. मेथी मिळाली का, बर्फ किती पडेल, कोणाचा गुडघा कसा आहे. त्यांचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नसतं, आणि हल्ली माझंही त्यांच्या बोलण्याकडे नसतं. कधीकधी दोघांनाही सांगण्यासारखं काही उरत नाही, पण आधी फोन कोणी ठेवायचा हा प्रश्न इथे येत नाही. दोघे नुसते गप्प बसून ऐकत असतो. मग खूप लांब, ब्रॉसार्डला, एक दार वाजतं, आणि ते म्हणतात, "आली. ठेवतो."