दाढेतली लवंग

शनिवार पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत मी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचं मिक्सिंग करायचो. ताईच्या लग्नाची कॅसेटही मीच केली, आणि तिचा संसार मोडायची वेळही मीच आणली. मुद्दाम नाही. पण हे ‘मुद्दाम नाही’ मी इतक्यांदा म्हटलंय, की आता माझं मलाच खोटं वाटतं.

मानपानात ताईच्या सासूबाईंना साडी दिली, नेमका तेव्हा कॅमेऱ्याला कुणाचा तरी धक्का लागला होता. असा हादरा झाकायला मध्ये एखादा चेहरा टाकायचा, ही आमची रीत. हाताशी बाबांचा चेहरा होता, सकाळी नाश्त्याच्या वेळचा. दाढ ठणकत होती म्हणून त्यांनी तिच्याखाली लवंग धरली होती आणि तोंड जरा वाकडं झालं होतं. जेमतेम चार सेकंद. मला तो गंभीर वाटला, वधूपित्याला शोभेलसा. मी तो जोडला आणि चहा प्यायला गेलो.

सासूबाईंनी कॅसेट पाहिली. पडद्यावर त्यांनी साडी उलगडली, की लगेच बाबांचं वाकडं तोंड. एकटा पाहिला असता तर तो दाढदुखीचा चेहरा होता. साडीमागून आला आणि अपमान झाला. सासूबाई ताईला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना एवढं जड जात होतं, तर द्यायची नव्हती साडी." आठवड्याभरात ताई बॅग घेऊन कसब्यात आमच्याकडे परत आली. वडिलांनी आधी माफी मागावी, असा निरोप होता.

"कशाची मागू?" बाबा म्हणाले. "दाढ उपटून दाखवू का त्यांना?"

मूळ कॅसेट दाखवली की मिटलं, असं मी छातीठोक सांगितलं. पण काम झालं की मूळ कॅसेटींवर पुढचा समारंभ घ्यायचा, हीही आमचीच रीत, आणि सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही मी अपवाद केला नव्हता. तिच्या लग्नावर आता कुणाची तरी मुंज होती. वेड्यासारखा मी एकेक कॅसेट शेवटापर्यंत पळवत राहिलो. एकीत मुंज लवकर संपली होती, आणि पुढे बाबा! हातात उपम्याची बशी, चेहरा वाकडा, आणि बाजूने आईचा आवाज, "फार ठणकतेय का हो?" मी खोलीत एकटाच ओरडलो.

तसाच सासूबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं.

"छान जोडलंय," त्या म्हणाल्या. "हेही तुम्हीच केलंत ना?"

काय सांगणार? जोडणं हाच माझा धंदा होता.

परत आलो तर ताई जिन्याखालच्या खोलीत वाट पाहत बसली होती. झालेलं सांगितलं आणि तिलाही कॅसेट लावून दिली. तिने दोनदा पाहिली. मग पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "खरं सांग रे. आईचा आवाज तू मागून नाही ना घातलास?"