पावसाळ्यापुरतं पुस्तक

उरणच्या बाजूला खाडीकाठी एका शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा सरकारी क्रमिक पुस्तकांवर माझा फार विश्वास होता. एका वर्षात तो उडाला. शाळा म्हणजे एक कौलारू खोली. चार इयत्ता चार कोपऱ्यांत आणि मी मधे. गावातल्या मुसलमान व्यापाऱ्याचा मुलगा घरून उर्दू शिकून यायचा, तरी मराठीचं तिसरं पुस्तक घडाघडा वाचायचा. त्याच्याच वयाची मिठागरवाल्यांची मुलं मात्र पहिल्या पुस्तकात अडकून पडलेली.

त्यात त्यांचा काही दोष नव्हता. भाताची लावणी आटोपली की ती शाळेत यायची आणि दिवाळी झाली की आईबापांबरोबर मिठागरावरच्या झोपडीत राहायला जायची, ती थेट पुढच्या पावसापर्यंत. तोवर शिकलेलं सगळं पुसून जायचं आणि आम्ही पुन्हा कमळापासून सुरुवात करायचो. खाऱ्या पाण्यात कमळ येत नाही, हे पुस्तक करणाऱ्या विद्वानांना कुणी सांगितलं नसावं.

त्यांतच एक मुलगी होती. वय अकरा-बारा, उंचीनं माझ्या खांद्याला लागलेली. पहिलीच्या चिमुरड्यांत ती मांडी घालून बसायची आणि त्यांच्याबरोबर बाहुलीचा धडा वाचायची, मान खाली घालून. घरी ती धाकट्या भावंडांचं सगळं करायची, लावणीला बाईमाणसाच्या बरोबरीनं उभी राहायची, आणि इथं बाहुली. मला त्या पुस्तकाचा राग यायचा.

आमच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन व्हायचं. मुलं पाटीवर सरस्वती काढून पाटावर ठेवायची. पण ज्याचं पुस्तक वाचून पुरं झालं असेल, त्यानं पाटीऐवजी पुस्तक ठेवायचं, अशी माझ्या आधीच्या मास्तरांनी पाडलेली रीत होती. ही मुलगी दरसाल पाटीच ठेवायची. एकदा पूजा झाल्यावर तिनं मला विचारलं, "गुरुजी, माजा पुस्तक कदी सरंल?"

पुढच्या पावसाळ्याआधी मी कामाला लागलो. व्यापाऱ्याच्या दुकानातून कापडाच्या गठ्ठ्यांवरचा जाड कागद मागून आणला, त्याची पानं कापली, बोरूनं ठसठशीत अक्षरांत लिहिली आणि कोळ्यांच्या जाळ्याच्या दोऱ्यानं शिवली. अशी बरीच पुस्तकं केली. काही एका शब्दाची, काही एका ओळीची, काही जरा मोठ्या गोष्टींची. कुणाला कुठलं द्यायचं ते मला कळावं पण मुलांना कळू नये, म्हणून कोपऱ्यात निरनिराळ्या रंगांची चिंधी लावली. मुलांनी ती युक्ती पहिल्याच दिवशी ओळखली आणि हिरव्या चिंधीवाले लाल चिंधीवाल्यांना चिडवू लागले. एवढा हुशार मी!

त्या मुलीचं पुस्तक मी वेगळं केलं. शब्द पहिलीचे, पण गोष्ट तिच्या वयाची. भरती, ओहोटी, मिठाची रास, दिवसभर राबणारी एक मुलगी, गावच्या बोलीत 'बाय'. पानं बेताचीच. लावणीनंतर सुरू केलं तर दसऱ्याआधी आरामात संपेल, असा माझा हिशेब होता. ते तिच्या हातात दिलं तेव्हा तिनं आधी शेवटचं पान उघडून पाहिलं आणि मग माझ्याकडे बघून हसली. शेवट दिसतो असं पुस्तक तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

ती रोज थोडं वाचायची, मग जिताडा माशाचा एक मोठा वाळलेला खवला खुणेला घालून पुस्तक मिटायची. श्रावण गेला. भादव्यात गावात हिवताप आला. दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्या येईपर्यंत बरीच घरं अंथरुणाला खिळली होती. तिची जागा काही दिवस रिकामी राहिली आणि मग ती गेल्याचा निरोप आला. मी त्या दिवशी मुलांना घरी पाठवून दिलं. काय शिकवणार होतो?

दसऱ्याला पाट मांडला, मुलं ओळीनं पाट्या-पुस्तकं ठेवू लागली. तेवढ्यात तिची आई दाराशी आली. पदराआड पुस्तक होतं.

"पोरीनं सांगलेलं, सरला का पूजंला ठेवायचा," ती म्हणाली. "पन सरला का न्हाय ता मना ठाव न्हाय. तिची खून व्हती थंच हाय. मी हलवली न्हाय."

मी पुस्तक उघडलं. खवला शेवटच्या पानाच्या अलीकडे होता. मला खोटं बोलता आलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती, आणि मी म्हणालो, "एक पान राहिलंय."

"मंग तुमी वाचा."

मी वाचू लागलो. पान माझंच, अक्षर माझंच. भरती आली. मिठागरात पाणी आलं. सांज झाली. त्यापुढची ओळ मला दिसत होती आणि वाचवत नव्हती. हे लिहिताना मी केवढा खूश होतो!

"वाचा ना गुरुजी," ती म्हणाली.

"बाय घरी आली," मी वाचलं.

तिनं मान हलवली. "सरला?"

"सरलं."

तिनं खवला काढून पदराच्या टोकाला बांधला, पुस्तक पाटावर इतर पुस्तकांशेजारी ठेवलं, त्यावर कुंकू वाहिलं आणि ती गेली.

नंतर मी पुष्कळ मुलांना पुष्कळ पुस्तकं करून दिली. त्या पुस्तकाचं मात्र मला अजून राहून राहून वाटतं. मी ते मुद्दाम आखूड केलं होतं. एका पानानं आणखी आखूड करायला हवं होतं.