परतीचा वारा

उत्तरेच्या समुद्रातल्या या बेटावर वारा असा, की मेंढ्यांना लोकर एकाच अंगाला उगवते आणि माझी सकाळची शिंक दुपारी शेजारच्या देशात पोचते. मुलगा इथं पवनचक्क्या दुरुस्त करतो. त्याला भेटायला आलो आणि त्याची सायकल घेऊन एकटाच सुटलो. पायडल न मारता दहा मैल गेलो. बासष्टाव्या वर्षी स्वतःच्याच मांड्यांच्या प्रेमात पडलो! परत वळलो, तर सायकल जागची हलेना.

मुलगा दुसऱ्या सायकलवरून शोधत आला. "बाबा, इथं आधी वारा तोंडावर घेऊन निघायचं असतं. मग येताना तोच घरी आणून सोडतो."

आम्ही याला धाडलं ते पाठीवर वारा देऊनच. शिकवण्या, नवस, चारचौघांतल्या माझ्या बढाया, सगळं मागून ढकलत होतं. परतीच्या वाऱ्याचा विचार कुणी केला?

"घरी कधी येतोस रे?" मी विचारलं.

"दमलाय तुम्ही, बाबा. माझ्या मागे मागे राहा, वारा कमी लागेल."

तो पुढे झाला. वारा खरंच कमी लागला. समोर त्याची पाठ होती, बारा वर्षं दर निरोपाला विमानतळावर पाहिलेली, चेहऱ्याहून जास्त ओळखीची.