ढेकूण समजून

द्राक्षबागेतल्या मुकादमबाईंना सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. वेलीवर मुंग्यांची ये-जा दिसली की बाई तिथली साल सोलून बघत, आणि खाली पीठ माखल्यासारखा पिठ्या ढेकूण हमखास सापडे. तो रस शोषतो, गोड चिकटा सोडतो, आणि त्या चिकट्यापायी मुंग्या त्याची राखण करतात, हे टोळीतल्या बायकांना त्यांनीच शिकवलेलं.

यंदा मालकांनी फवारणी थांबवून ढेकूण खाणारे बारके भुंगेरे बागेत सोडले. पुढे एका सकाळी बाईंना घडांवर पांढरे, झुबकेदार, चांगले पोसलेले किडे दिसले आणि त्यांचं डोकंच फिरलं. "भुंगेरे कसले, ढेकूणच माजलेत! घासून काढा सगळे."

त्यांची धाकटी जाऊ त्याच टोळीत होती. ती म्हणाली, "ताई, हे जरा वेगळे वाटतात. ढेकूण एवढे पळत नाहीत."

"आता तू मला शिकवणार?"

बायका फिदीफिदी हसल्या. जाऊ मान खाली घालून गेली, पण आपली शेवटची ओळ तिने घासली नाही.

मालक आले आणि घासून काढलेल्या किड्यांची बादली बघून ओरडलेच. "अहो, या तर भुंगेऱ्यांच्या अळ्या! दिसतात ढेकणांसारख्या, पण खातात ढेकणांनाच. कुणी काढल्या?"

"बायकांच्या लक्षात आलं नाही," बाई बोलून गेल्या.

शेवटच्या ओळीत अळ्या ढेकणांची अंडी फस्त करत होत्या. मालकांचा चेहरा खुलला. "ही ओळ तरी वाचवलीत. तुमची नजर म्हणजे नजर!"

बाईंनी ते कौतुक तसंच पदरात घेतलं. जाऊ त्यांच्या पाठीशीच उभी होती.

घरी जाऊने नेहमीसारखं ताट वाढलं. "ताई, अजून घ्या ना." बाईंनी भाकरी नुसतीच कुस्करली. ही कडाकडा भांडली असती तर बरं, असं त्यांना झालं.

दुसऱ्या दिवशी टोळीसमोरच त्यांनी मालकांना गाठलं. "घासायला मीच लावलं. ओळ हिने राखली, आणि वर मी हिलाच सगळ्यांत हिणवलं."

 मालक जाऊकडे वळून म्हणाले, "नवे भुंगेरे येतील, ते तुम्ही सांभाळा."

त्या भुंगेऱ्यांनी बाग सावरली, पण तोवर बरेच घड चिकट्यावरच्या बुरशीने काळे पडले होते. ते फेकायला बाई स्वतः टोपल्या वाहत होत्या. एक टोपली उचलू लागताना जाऊ हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही नसतं सांगितलंत तरी मी कुणाला बोलले नसते."

ती ते अगदी मनापासून म्हणाली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.