समीक्षाताईंनी ऐकणं थांबवलं

समीक्षा बिऱ्हाडे जळगावात समुपदेशक होत्या. रिंग रोडच्या आतल्या बाजूला, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत त्या बसायच्या. वडील वरणगावच्या फॅक्टरीत होते. मुलगी माणसांचं नुसतं ऐकून घेते आणि लोक त्याचे पैसे देतात, हे त्यांना शेवटपर्यंत नीटसं पटलं नाही. पण धरणगाव, भुसावळ, पारोळा, कुठून कुठून लोक यायचे. डोक्याच्या डॉक्टरकडे गेलं असं कुणी म्हणू नये म्हणून कित्येक जण घरी दाताचं निमित्त सांगून निघायचे.

स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा ताईंनी कुणापासून लपवलं नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "मला कॅन्सर आहे, उपचार चालू आहेत. जोवर नीट ऐकता येतंय तोवर मी बसणार." केस गेले, त्यांनी डोक्याला सुती रुमाल बांधला आणि त्या बसल्या. केमो झाल्यावर चार-सहा दिवस खोली बंद असायची, मग परत उघडायची.

त्यात एक गोष्ट झाली, ती त्यांना अपेक्षित नव्हती. लोक आपलं दुःख कमी करून सांगायला लागले. रडत यायचे, रुमालाकडे बघायचे आणि म्हणायचे, "माझं काय ताई, तुमच्यापुढे काहीच नाही." कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन यायचं, कुणी असोद्याची केळी. ताई घरी येऊन नवऱ्याला, बुद्धभूषणला म्हणाल्या, "ते मला सांभाळताहेत. मग त्यांना कोण सांभाळणार?"

तरी वर्ष निघालं. रिपोर्ट चांगले आले, केस परत उगवले. बुद्धभूषणने भीमजयंतीला सगळ्या गल्लीला जेवण घातलं.

पुढच्या थंडीत त्यांचं डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून त्यांनी चष्मा बदलला.

त्याच दिवसांत कोकिळा नावाची एक शिक्षिका त्यांच्याकडे येत होती. लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी नवऱ्याचा स्पर्श तिला सहन व्हायचा नाही, आणि हे तिने ताईंखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. एका दुपारी ती बोलता बोलता थांबली. ताईंनी नेहमीसारखी थोडी वाट पाहिली आणि हळूच विचारलं, "त्या दिवशी पाटावर फोन उचलला नसता तर मुलगी वाचली असती, असं अजून वाटतं का?"

कोकिळा त्यांच्याकडे बघत राहिली. "कोणता फोन?"

ताई टेबलावरची वही उघडून बघू लागल्या.

"ताई, ते माझं नाही," कोकिळा म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं तरी आहे ते." तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. "मग माझंही असंच कुणापुढे निघत असेल."

"आजवर असं कधी झालं नाही," ताई म्हणाल्या. पण झालं असेल तर आपल्याला आठवेल का, हे त्यांनाच सांगता येईना. कोकिळा पायऱ्या उतरून गेली ती परत आली नाही. ताईंनी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही.

तपासणीत कळलं की आजार मेंदूत पोचलाय. डॉक्टर म्हणाले, रेडिएशनचा शेक देऊ, थोडे महिने मिळतील, विसरणं मात्र वाढेल.

"महिनाभर सुट्टी घे," बुद्धभूषण म्हणाला. "मग हळूहळू परत सुरू कर. काम आहे म्हणून तू उभी आहेस."

"मी उभं राहावं म्हणून लोकांची घरं मोडायची का?" ताई म्हणाल्या.

खोली बंद करायची ठरली. धुळ्याची स्नेहल पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकली होती. लोकांना तिच्याकडे सोपवायचं ठरलं. ताईंनी एकेकाला बोलावून सांगितलं. काही रडले. एक म्हातारे नाना चिडले, "तुम्हीच म्हणाला होतात, अर्ध्यावर सोडायचं नाही."

सगळ्यात अवघड होता हेमराज. तो फोन त्याचा होता. धरणगावकडच्या शेतात पाटाच्या कडेला तो फोनवर बोलत असताना त्याची लहान मुलगी पाण्यात गेली होती. मुलगी त्याच्या नकळत तिकडे गेली, एवढंच बायकोला माहीत होतं. फोनचं फक्त ताईंना.

ताईंनी त्याला सरळ सांगितलं, "तुमची गोष्ट माझ्या तोंडून दुसऱ्या माणसापुढे गेली. आजारामुळे गेली, पण गेली."

हेमराजने त्याच्या अहिराणीत विचारलं, "मनं नाव लिधं का?"

"नाव घेतलं नाही. गाव पण नाही."

"मंग ठीक शे." ठीक नव्हतं हे दोघांनाही कळत होतं. धुळ्याचं नाव काढल्यावर त्याने मान हलवली. "बठ्ठं पुन्हा कोनले सांगू मॅडम? एक डाव सांगता सांगता मी अर्धा व्हयनू."

"सगळं पुन्हा सांगू नका. नुसते जाऊन बसा."

त्यांनी त्याला तिथेच त्याच्या फोनवरून स्नेहलला फोन लावायला लावला. तो बोलला, तारीख घेतली, आणि नमस्कार न करताच गेला.

उन्हाळ्यात ताईंचा उजवा हात गेला, मग शब्द अडायला लागले. स्नेहल धुळ्याहून भेटायला यायची. एकदा ताईंनी तुटक तुटक विचारलं, "कोकिळा... तुझ्याकडे... आली?"

स्नेहलने त्यांचा हात धरला. "ते मला सांगता येणार नाही, ताई."

ताईंनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते स्नेहलला ओळखता आलं नाही.

श्रावण लागायच्या आत ताई गेल्या. घरी बुद्धवंदना झाली, पुष्कळ लोक आले. त्यातले बरेच जण आपण कोण हे न सांगता मागे उभे राहिले आणि तसेच निघून गेले. वरच्या दोन खोल्या आता दातांच्या डॉक्टरनेच घेतल्यात. हेमराज धुळ्याला दोनदा गेला, नंतर गेला नाही. स्नेहल अधूनमधून त्याला फोन करते. तो उचलतो, पीकपाण्याचं बोलतो, आणि ठेवून देतो.