अक्कांची तिसरी यादी

अक्कांना चहा विचारला, की त्यांच्याकडून सरळ होकार वा नकार कधी मिळत नसे. "दूध असेल तर दुधाचा, नसेल तर कोरा," असे म्हणून त्या क्षणभर थांबत आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत पुढे म्हणत, "आणि दूध आहे की नाही हेच माहीत नसेल, तर आधी पातेलं उघडून बघा, आबा." आमच्या स्वयंपाकघरात या तिसऱ्या वाक्याने पुष्कळ हशा पिकत असे. संस्थेतील मंडळी त्यांना माघारी ‘जर-तर अक्का’ म्हणत. ते त्यांच्या कानावर होते. "नाव अर्धंच ठेवलंय त्यांनी," एवढीच त्यांची तक्रार असे.

मेहरूण तलावापासून थोड्या अंतरावर माझे घर आहे. संस्कृतचे अध्यापन संपवून मी निवृत्त झालो, तेव्हा तळमजल्यावरच्या दोन खोल्या एका लहानशा आरोग्य संस्थेला दिल्या आणि त्या निमित्ताने तिच्या विश्वस्तांतही मला स्थान मिळाले. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अशा मुलांची ठरावीक काळाने तपासणी करणे आणि त्यांच्यापर्यंत औषध पोहोचवणे, हे संस्थेचे काम. अक्का मूळच्या वरणगावच्या. वडील तिथल्या कारखान्यात कामगार होते. भुसावळला महाविद्यालयात त्यांनी सांख्यिकी शिकवली, मुदतीआधी नोकरी सोडली आणि एके दिवशी आमच्या तळमजल्यावर आपला संगणक मांडून बसल्या. मुलांच्या नोंदी आजवर हाताने ठेवल्या जात. त्या यंत्रावर आणून कोणत्या मुलाला कधी बोलवायचे, हे प्रोग्रामने ठरवावे, हा त्यांचा संकल्प होता.

सकाळी माझी पूजा आटोपून मी खाली उतरत असे, तेव्हा त्या डोळे मिटून बसलेल्या असत. संगणक सुरू करण्यापूर्वी मनातल्या मनात पंचशील म्हणण्याचा त्यांचा नेम होता. त्यांचे डोळे उघडेपर्यंत मी उंबऱ्यात उभा राहत असे. पहिल्या दिवशी मी नैवेद्याची खडीसाखर पुढे केली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "आबा, प्रसाद म्हणून नाही घेणार. खडीसाखर म्हणून घेते."

"घ्या. देवालाही मी ती खडीसाखर म्हणूनच दिली होती," मी म्हणालो.

त्या दिवसापासून वाटी त्यांच्याच टेबलावर राहू लागली.

तारखेच्या बाबतीत मात्र त्या कोणालाच सवलत देत नसत. कार्यकर्ते आधी दिवस, मग महिना, मग साल अशी तारीख लिहून पाठवत. अक्कांनी फर्मान काढले, की साल आधी, मग महिना, दिवस शेवटी. धुळ्याकडची बाजू सांभाळणारे आमचे नाना अहिराणीखेरीज दुसरे बोलत नसत आणि थट्टेखेरीज काही बोलत नसत. ते बैठकीत उठून म्हणाले, "अक्का, लगीननी पत्रिकावर कोनी साल पहिले लिखस का?"

"पत्रिकेत नवरी एकच असते, नाना. माझ्याकडे सगळ्या तालुक्याची पोरं आहेत. दिवस आधी लिहिलात, तर यंत्र त्याला नुसती अक्षरं समजतं आणि दोन डिसेंबरला दहा जानेवारीच्या आधी नेऊन ठेवतं. मग कोण आधी, कोण नंतर, हे त्याला कसं कळणार?"

मला राहवले नाही. मी म्हणालो, "नाना, पूजेच्या संकल्पातसुद्धा आम्ही संवत्सर आधी उच्चारतो; मग अयन, ऋतू, मास, पक्ष आणि तिथी सर्वांत शेवटी. थोरल्याकडून धाकट्याकडे यायचे, हीच जुनी रीत आहे."

अक्कांचा चेहरा उजळला. "म्हणजे आबा, तुमचे पूर्वज माझ्या बाजूचे निघाले!" आणि मग हळूच म्हणाल्या, "या एका बाबतीत तरी."

त्या हसण्यात मीही सामील झालो. ते वाक्य मात्र माझ्याजवळ राहिले आणि राहावे असेच होते.

आता ज्या प्रसंगामुळे त्यांचे नाव आमच्या संस्थेत आजही आदराने घेतले जाते, तो सांगतो. दिवाळी सरली की पाड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादम ट्रक घेऊन येतो, टोळी चढते आणि ती उन्हाळ्यापर्यंत परत येत नाही. ही कुटुंबे निघण्यापूर्वी संस्थेचे शिबिर भरते. तिथे मुलाचे रक्त तपासून परमुलखात पुरेल इतके औषध बरोबर दिले जाते. जे मूल शिबिराला चुकले, ते औषधावाचून उसाच्या फडात जाते. आणि तिथे थंडीत हातापायांत कळा उठल्या, तर त्याची आई कोणाकडे धावणार? म्हणून कोणाला बोलवायचे, ही यादी बिनचूक असणे हे सर्वस्व होते. त्या वर्षी ती प्रथमच अक्कांच्या प्रोग्राममधून निघाली.

प्रोग्रामच्या गाभ्याशी जर-तरचे एकच वाक्य होते. मुलाची मागची तपासणी पावसाळा सरल्यावर झाली असेल, तर औषध तेव्हाच दिलेले, म्हणून पुढची तारीख सहा महिन्यांनी, टोळी परतल्यावर. त्याआधीची असेल, तर याच शिबिराचा दिवस. अक्कांनी ते मला वाचून दाखवले, तेव्हा एखादे सूत्र ऐकावे तसा मला आनंद झाला. यादी धुळ्याला गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नानांचा फोन आला. अक्कांनी तो सर्वांना ऐकू येईल असा लावला.

"अक्का, हाई बठ्ठा पोरे मना आजाना येळना शेतस!"

साऱ्या मुलांच्या तारखा नानांच्या आजोबांच्या काळातल्या होत्या. ज्या मुलाचे दुधाचे दात अजून पडायचे होते, त्याला स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात तपासणीला बोलावलेले होते. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. नानांना मिळालेल्या यादीत तारखांच्या जागी नुसते पाच आकडी अंक होते. नानांनी भल्या मनाने तो रकाना स्प्रेडशीटमध्ये निवडला आणि बटण दाबून त्याच्या ‘तारखा’ करून टाकल्या.

संस्थेचे चिटणीस कपाळाला हात लावून म्हणाले, "नानांनी घोळ घातला."

"नानांनी नाही," अक्का शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी अंकांना तारीख केलं. तारखांचे अंक माझ्या जर-तरने केलेत." आणि माझ्याकडे वळून त्यांनी समजावले, "आबा, यंत्राच्या पोटात तारीख म्हणजे एका ठरलेल्या दिवसापासून मोजलेले दिवस. त्यावर ‘ही तारीख आहे’ असा एक शिक्का असतो. मी वापरलं ते जर-तर असं, की त्याच्यातून जाताना मूल्य टिकतं, शिक्का गळून पडतो."

"म्हणजे अहर्गण," माझ्या तोंडून निघून गेले.

त्यांनी खुर्ची वळवली. मी सांगितले, की आपले सिद्धांतकार ग्रहांचे गणित करताना असेच करीत. एक आरंभदिवस मानावा, तिथपासून गेलेले दिवस मोजावेत. त्या राशीला अहर्गण म्हणतात. आरंभदिवस कोणता, हे ठाऊक नसेल, तर अहर्गण हा केवळ एक अंक आहे.

"हेच झालंय!" अक्कांनी टेबलावर थाप मारली. "माझ्या प्रोग्रामच्या भाषेचा आरंभदिवस एकोणीसशे सत्तरचा, स्प्रेडशीटचा एकोणीसशेच्या तोंडाशी. तोच अहर्गण दुसऱ्याच पंचांगात बसवला, म्हणून पोरं सत्तर वर्षं मागे गेली."

चूक सापडल्यावर माणसे खजील होतात. अक्का प्रफुल्लित झाल्या. जे जर-तर दोन्ही वाटांनी तारीखच मागते आणि बाहेरही तारीखच देते, वेगळे काही आले तर पुढे जायला नकार देते, असे त्यांनी निवडले. चहा निवायच्या आत नवी यादी तयार झाली. साऱ्या तारखा ठाकठीक होत्या. चिटणिसांनी निःश्वास सोडला आणि ते उठू लागले.

"बसा," अक्का म्हणाल्या. "आणि मागच्या तपासणीची तारीखच माहीत नसेल तर?"

खोलीत कोणी हसले नाही, कारण त्या स्वतः हसत नव्हत्या. त्यांनी मुलांची मूळ नोंद आणि नवी यादी शेजारी-शेजारी लावली. ‘आत्ता बोलवा’ यात काही मुले होती, ‘नंतर चालेल’ यात काही होती. आणि काही मुले कोठेच नव्हती. त्यांच्या मागच्या तपासणीची जागा रिकामी होती. रिकाम्या तारखेला ‘पावसाळ्यानंतरची का?’ असे विचारले, की यंत्र होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ते रिकामेच उत्तर देते. ती मुले दोन्ही वाटांच्या मधून निःशब्द गळून पडली होती. ती कोण होती, हे नानांनी फोनवर नावे ऐकताच ओळखले. ज्यांचे ट्रक गेल्या वर्षी शिबिरापूर्वीच निघून गेले होते, त्यांची ही मुले. ज्यांना औषधाची सर्वाधिक निकड, नेमकी तीच. सत्तर वर्षे चुकलेली तारीख ओरडून सांगते, की मी चुकले. रिकामी जागा काहीच सांगत नाही.

चिटणीस कामसू गृहस्थ होते. शिबिर तोंडावर आले होते. ते म्हणाले, "अक्का, रिकाम्या जागी अंदाजे एखादी तारीख टाका ना. यादी पूर्ण होईल."

"यादी पूर्ण होईल, साहेब. यंत्र गप्प बसेल," अक्का म्हणाल्या. "पण अंदाज पावसाळ्यानंतरचा निघाला, तर ते पोर ‘नंतर चालेल’मध्ये जाईल आणि ट्रकमध्ये बसेल. माहीत नाही, तर माहीत नाही असंच लिहायचं. त्याची तिसरी यादी करायची, आणि त्या यादीतल्या प्रत्येक घरी माणूस पाठवायचा."

"आबा, तुम्ही सांगा," चिटणीस माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "जिथे संशय आहे, तिथे संशय असेच म्हणावे आणि त्याच्या निवृत्तीसाठी उठून चालू लागावे. मी शिकलो त्या शास्त्राने मला हेच शिकवले. अक्का म्हणतात तशीच यादी पाठवा."

पुढचे दिवस आमच्या संस्थेने पूर्वी कधी पाहिले नव्हते असे गेले. जळगावच्या बाजूने रावेरपर्यंतच्या आणि धुळ्याच्या बाजूने शिरपूरपलीकडच्या पाड्यांवर कार्यकर्ते घरोघर फिरले. एकेक फोन येई, अक्का तिसऱ्या यादीतले नाव ‘आत्ता बोलवा’मध्ये नेत आणि मोठ्याने वाचत. चिटणीस स्वतः दोन पाडे पायी चालून आले आणि धुळीने माखलेले पाय घेऊन अभिमानाने खुर्चीत बसले. "अंदाज टाकला असता, तर चूकच झाली असती," ते म्हणाले. अक्कांनी खडीसाखरेची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. शिबिराच्या सकाळी तिसऱ्या यादीत एकच नाव उरले होते. शिरपूरकडच्या एका पावरा आदिवासी कुटुंबातली ती मुलगी. तिच्या झोपडीला कुलूप होते आणि टोळी ट्रकवर चढली होती.

शिबिर ट्रक जाणार होता त्याच रस्त्याच्या कडेला शाळेत होते. मी आणि अक्का व्हरांड्यात उभे होतो. नाना मोटारसायकलवर ट्रक गाठायला गेलेले. थोड्या वेळाने वळणावर धूळ दिसली. पुढे मोटारसायकल, मागे माणसांनी, भांड्यांनी, कोयत्यांनी भरलेला ट्रक. नाना हात उंचावून ओरडत होते, "दम धर, मुकादम! एक पोर राही गयी!"

मुकादम चिडून खाली उतरला. "बाई, गाडी भरलेली आहे. ऊन व्हायच्या आत निघायचं होतं."

"निघालात, तर वाटेत पोरीला कळ आल्यावर औषध कुणाकडे मागाल?" अक्कांनी विचारले.

"आणि थांबलो तर?"

"तर सगळ्या गाडीला चहा माझ्याकडून."

मुकादमाने एकदा अक्कांकडे पाहिले, एकदा ट्रककडे, आणि चालकाला हाताने खूण केली. इंजिन बंद झाले. एका लहानशा मुलीसाठी तो भरलेला ट्रक रस्त्यात उभा राहिला. तिच्या वडिलांनी तिला खांद्यावरून उतरवले. टोळीतल्या बायका खाली उतरून दाराशी दाटीने उभ्या राहिल्या. मुलगी हातावर कापूस दाबून आणि औषधाची पिशवी छातीशी धरून बाहेर आली, तेव्हा साऱ्या ट्रकने टाळ्या वाजवल्या. नानांनी तर शिटी मारली. अक्कांनी तिथेच, शाळेच्या पायरीवर, तिसऱ्या यादीतले शेवटचे नाव पुसले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ उत्सव पाहिले. मंत्रघोषाने भारलेले मंडप पाहिले. त्या पायरीवर मी मनोमन हात जोडले, ते कोणासमोर, हे मला नीट सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यांनी हीच पद्धत मागितली आणि अक्का ती बसवायला तिकडे गेल्या. निघताना त्या माझ्या पाया पडल्या नाहीत आणि ते मला आवडले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, "जय भीम, आबा," म्हणाल्या, आणि मीही तेच म्हणालो. आता त्यांच्या जागी दुसरी मुलगी प्रोग्राम चालवते आणि अक्का कुठल्याशा गावाहून तिला फोनवर दटावतात.

आणि दर वर्षी, दिवाळीनंतरच्या त्या सकाळी, शिरपूरकडच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागते. कोणी मोटारसायकल घेऊन मागे धावत नाही, कोणी कोणाला थांबवत नाही. मुकादम आपण होऊन शाळेपाशी गाडी उभी करतात, इंजिन बंद करतात आणि मागे वळून विचारतात, "पोरं उतरली का सगळी?"